ऐन मधोमध वीज तोडणारे साडू

अख्ख्या लातूर-नांदेडात आमच्या साडूंइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि मला त्यांचा भयंकर अभिमान आहे. नांदेडच्या गाडीत बसले तरी कंडक्टरला विचारणार, ड्रायव्हरला विचारणार, वर शेजारच्या म्हातारीलाही, "मावशी, गाडी नांदेडलाच चालली ना?" धंदा सॉफ्टवेअरचा. रेणापूरकडच्या एका खेड्यात त्यांची धाकटी बहीण आशा सेविका आहे; गाव तिला ताई म्हणतं, म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. तिला गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायला त्यांनी मोबाइलचं अ‍ॅप करायला घेतलं, तेव्हा तर कहरच केला. शेतवस्तीवर रेंज नाही, म्हणजे माहिती फोनमध्येच राहायला हवी आणि ती राखणारा डेटाबेस अ‍ॅपच्या पोटातच बसवायला हवा. कोणता बसवायचा, यावर महाशय महिनोन् महिने अडून राहिले.

एकेका डेटाबेसला नोंदी लिहायला लावायचं आणि ऐन मधोमध वीज तोडायची, ही त्यांची परीक्षा. एकदा आमच्याकडे जेवायला आले, कम्प्युटर मांडला आणि थेट घराचा मेन स्विच पाडला! मिक्सरमध्ये चटणी अडकली. बायको ओरडली, "अहो दाजी, काय करून राहिलात?" तर म्हणे, "थांब गं, मेला का जगला बघू दे." एक लई झपाट्याचा होता, पण वीज आल्यावर अर्ध्या नोंदी गिळून बसला. त्याला घरचा रस्ता दाखवला. दुसऱ्याला इतकी जागा लागे की ताईच्या जुन्या फोनचा जीव गुदमरे. शेवटी एक साधासुधा पसंत पडला. सगळं एकाच फाइलीत ठेवायचा आणि कितीदाही वीज तोडा, नोंदी शाबूत. साडू म्हणाले, "पळणारा नको मला, टिकणारा पाहिजे. ताईचा फोन कधी मान टाकंल, न्हाई सांगता येत."

आणि टाकलीच! वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या, ताई नोंद करत होती आणि फोन बंद पडला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चार्जर लावला. रेंजचा पत्ता नव्हता, पण अ‍ॅप उघडलं तर सगळं जागच्या जागी. मागच्या बाळंतपणात कोणत्या इंजेक्शननं तिचा श्वास अडकला होता, तेही. बाई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. ताईनं दवाखान्यात फोन पुढे केला आणि डॉक्टरांनी हातात घेतलेलं तेच इंजेक्शन बाजूला ठेवलं.

ताईचा फोन आला तेव्हा साडू माझ्यासमोरच बसले होते; त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "दादा, मायलेकी दोघी सुखरूप हायत. तुझ्या अ‍ॅपनं वाचवलं बघ." शाबास रे पठ्ठ्या! मला तर टेबल बडवावंसं वाटलं. साडूंनी एवढंच विचारलं, "पोरगी रडली का गं?"

"हाव दादा, अजून रडून राहिली. ऐकू येतंय ना? ठेवू का आता?"

साडूंनी डोळे पुसले.

"थांब," म्हणाले, "आणखी जरा रडू दे तिला."