दिनूची छोटी तबकडी आणि माझं इंग्रजी

चहा आधी संपवा. ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्याकडं कसे बघाल, काही नेम नाही!

खामगावात माझा एक दोस्त होता, दिनू. बापाचं सरकीच्या तेलाचं दुकान, पण ह्याला गिटारचं वेड! बापाशी भांडून मुंबईला गेला आणि चौघांचा बँड केला. बँड म्हणजे लग्नातला नव्हे हो, हॉटेलात वाजवणारा. घरी पत्र नाही, काही नाही. एक दिवस माझ्याकडं पार्सल आलं. आत त्यांची छोटी तबकडी. एका बाजूला विजेच्या गिटारची दोन गाणी, दुसऱ्या बाजूला साध्या लाकडी गिटारची दोन. सगळी इंग्रजी. सोबत चिठ्ठी, "आईले ऐकव."

गल्लीत रेकॉर्ड प्लेअर एकट्या माझ्याकडं. त्यावर मी लावायचो मोठ्या, भजनांच्या तबकड्या. त्याच वेगावर हीही लावली. छोटी तबकडी जोरात फिरवायची असते, हे मला कुणी सांगितलं होतं?

दिनूचे आई-बाप, म्हणजे आमचे काका-काकू, पुढ्यात बसले. सुई टेकली आणि काय सांगू! विहिरीच्या तळातून कुणी कण्हावं तसा आवाज.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "बापू, हा माह्या दिनूचा आवाज होय? बिमार हाय का तो?"

"दुसरी बाजू लाव बे!" काका ओरडले.

लावली. साधी गिटार. ती तर त्याहून भयाण!

"तुले इंग्रजी येते ना?" काकू म्हणाल्या. "काय म्हणून राह्यला तो?"

मॅट्रिकला मी इंग्रजीत काठावर पास. पण काकूंपुढं नाही कसं म्हणू? कान लावला. 'गोऽऽऽ' ऐकू आलं. मग बऱ्याच वेळानं 'सीऽऽऽ'.

"काकू... तो म्हणते, मी चाललो."

"कुठी?"

"समुद्रात."

काकूंनी असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली अंगणात! पोराचं नाव न घेणारे काका मला अनवाणी तारऑफिसात ओढत घेऊन गेले. "माय सिरीयस हाय म्हण! येईन तो!"

तार मीच केली.

दिनू आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आई दारात ज्वारी पाखडत बसलेली! तिला बघून तो तिच्या पायांवरच कोसळला.

सगळी हकीकत कळल्यावर तडक माझ्याकडं आला. तबकडी लावली, वेगाचं बटण फिरवलं. अहो, गाणं उड्या मारत सुटलं! सगळे मिळून समुद्रावर फिरायला चाललो, एवढाच त्याचा अर्थ. माझे पाय आपोआप ठेका धरायला लागले.

"लय गोड हाय रे," मी म्हणालो.

"हाव," दिनू म्हणाला. "काल आमचा पहिला मोठा प्रोग्राम होता. पोरं म्हणाली, आज गेला तं परत येऊ नको. मी गाडीत बसलो."

तो परत गेला नाही. बापाच्या गादीवर बसतो, तेल मोजतो. माझ्याशी बोलत नाही.

काकूंना मात्र वाटतं, त्यांचं लेकरू मी घरी आणलं. दर दिवाळीला माझ्यासाठी ताटभर करंज्या पाठवतात, त्याही दिनूच्याच हातानं! तो ताट उंबऱ्यावर ठेवतो, वर बघत नाही, निघून जातो.

मग मी काय करतो? दार लावून रडतो, असं वाटलं ना तुम्हाला?

खातो हो! काकूंच्या हाताला चवच तशी आहे.