पुढच्या ढिगातल्या कैऱ्या

कैरी आंबट निघणं माझ्या हातात नसतं, हे मी आमच्या घरात आजवर कोणालाही पटवून देऊ शकलेलो नाही. पाडवा झाला की तिसऱ्या दिवशी चैत्रगौर झोपाळ्यावर बसते आणि मी सुळावर. गौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ हवी, डाळीला कैरी हवी, आणि कैरी आणायला मी हवा. बरं, बाजारात चाखून घ्यावी तर तीही सोय नाही. गौरीला दाखवण्याआधी जिभेवर कण ठेवला की नैवेद्य उष्टा. म्हणजे न चाखता आंबट आणा! दफ्तरात माझ्या हातचा कागद निदान दोनदा तपासला जातो. इथे एकदम निकालच.

थोरल्या मुलीच्या लग्नाआधीच्या चैत्रात माझ्या कैऱ्यांची डाळ अशी झाली होती की आळीतल्या एका काकूंनी "पुरण छान जमलंय हो" म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं. ते वर्षभर ऐकत होतो.

त्यात आता थोरलीचं लग्न झालेलं. तिचा पहिला चैत्र. शुक्रवारच्या हळदीकुंकवाला विहीणबाई तिला घेऊन येणार होत्या आणि तिला अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी ठेवायचं की संध्याकाळी परत न्यायचं, हे डाळ खाऊन ठरवणार होत्या. तसं त्या बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्या मोठ्या सुनेच्या माहेरची डाळ मिळमिळीत निघाली, त्या वर्षी ती सून दिवेलागणीला सासूच्या मागोमाग सासरी परतली होती, हे सगळ्या कसब्याला ठाऊक होतं. आमच्या हिने थोरलीचं अंथरूण दोन दिवस आधीच उन्हात घातलेलं. येता-जाता ते अंथरूण माझ्याकडे बघायचं.

शुक्रवारी पहाटे हिने माझ्या हातात झोळी दिली.

"लोणीकडची ती मावशी असते ना, ती देईल त्याच कैऱ्या घ्या. आपण नुसती झोळी धरा. डोकं चालवू नका."

"अगं, वीस वर्षं कारकुनी केलीय मी."

"म्हणूनच म्हणते."

वाड्यापुढच्या पटांगणात बाजार भरला होता. चैत्रातला बाजार सुंदर असतो असं ज्यांना वाटतं, त्यांना कोणी बाजाराला पाठवत नसावं. नदीच्या वाळवंटातल्या कलिंगडांचे ढीग, काकड्या, मोगऱ्याच्या टोपल्या, पळसाची पानं. सगळं खरं, पण या सगळ्यामधून माणसाने चालायचं कुठून? एका बैलाने शेपटीने माझी पगडी तिरकी केली. ती सरळ करतो तोवर एका बाईंनी माझ्या पायावर कलिंगड ठेवलं आणि वर मलाच विचारलं, "अहो, जागा बघून उभं राहता येत नाही का?"

मावशी ठरल्या जागी बसली होती. तिच्यापुढे दोन ढीग. पुढचा मोठ्या कैऱ्यांचा, पोपटासारख्या हिरव्यागार, तुकतुकीत. मागचा तिच्या गुडघ्याशी, पळसाच्या पानांखाली अर्धा झाकलेला. त्यातल्या कैऱ्या खुज्या आणि काळ्या डागांच्या, देवी येऊन गेल्यासारख्या.

"आलात? औंदा तरी माजं ऐका दादा. ह्या मागच्या न्या. नुसत्या हुंगल्या तरी दात आंबत्यात."

"मावशी, विहीणबाई यायच्यात हो. ह्या कशा मांडू गौरीपुढे?"

"गौर काय कैरीचं त्वांड बघती व्हय?"

उत्तर बिनतोड होतं. मी झोळी उघडलीसुद्धा. तेवढ्यात बाजाराचा शिपाई फसकी घ्यायला आला. फसकी म्हणजे प्रत्येक ढिगातून मूठभर माल उचलायचा सरकारी हक्क, आणि मूठ सरकारी असली की तिच्यात पायलीभर मावतं. त्याने पुढच्या ढिगातल्या सहा-सात मोठ्या कैऱ्या उचलल्या, एक हुंगली, समाधानाने मान हलवली आणि शेजारच्या काकड्यांकडे वळला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फुकट घेणारा माणूस वाईट माल कधी उचलत नाही, हे दफ्तरात वीस वर्षं पाहिलेलं. म्हणजे अस्सल कैरी पुढचीच!

"मावशी, पुढच्या द्या."

"आवो, त्या..." तिने शिपायाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या नगा घेऊ."

"का?"

"नगा म्हन्ते न्हवं!"

कोणा बड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतेय, असं मला वाटलं. मग काय, मी हट्टालाच पेटलो. शेवटी तिने कपाळाला हात लावला, पुढच्या कैऱ्यांनी माझी झोळी भरली आणि मागच्या सहा उचलून वर टाकल्या. "ह्या माज्याकडनं. गौरीला."

घरी हिने विळीवर पहिली कैरी चिरली. आतून पिवळसर. दुसरी पिवळी. तिसरी तर जवळजवळ आंबाच. घरात होती तेवढी लिंबं तिने डाळीत पिळली. मग त्या सहा डागाळ कैऱ्या वेगळ्या किसल्या, वेगळी डाळ कालवली आणि छोट्या दगडी भांड्यात झाकून ठेवली. एक वाटी गौरीची, एक विहीणबाईंची.

दुपारी माजघर बायकांनी भरलं. मी ओसरीवर कान देऊन बसलो. बराच वेळ नुसत्या बांगड्या वाजत होत्या. मग विहीणबाईंचा आवाज आला.

"डाळ काय आंबट झालीय हो! डोळेच मिटले माझे."

मग पुरणवाल्या काकू म्हणाल्या, "आंबट?"

"पन्हं घ्या ना आणखी," ही घाईघाईने म्हणाली.

"अशी कैरी हल्ली दिसत नाही. कोणी आणली?"

मी उठून वहाणा शोधायला लागलो.

"ह्यांनीच," ही म्हणाली. खोटं तरी कसं म्हणावं?

"मग व्याहीबुवांना सांगा, मंगळवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, कैऱ्या त्यांनीच आणायच्या. आमच्याकडे कोणाला पारख नाही. आणि पोरगी राहू दे हो तृतीयेपर्यंत."

त्या रात्री थोरली तिच्या अंथरुणावर आडवी पडून खुशाल घोरत होती. जागा होतो तो मी.

मंगळवारी मावशीपुढे जाऊन मी मुकाट झोळी धरली. "तुम्ही द्याल त्या."

"आता कसं! आवो, पुढचा ढीग त्या शिपायासाठी असतोय. दिसाय गोंडस, म्हून त्यो त्याच उचलतोय, मागचं वाचतंय."

"मग मला त्याच दिवशी सांगायचं ना!"

"त्यो दोन पावलांवर हुबा, आन् मी वरडून सांगू?"

तेव्हापासून दोन घरांच्या कैऱ्या माझ्या गळ्यात आहेत. धाकटीचं लग्न झालं, तिसरं घर वाढलं. कसब्यात मी कैरीचा पारखी म्हणून ओळखला जातो. बाजारात मी दिसलो की लोक काम सोडून मी कुठल्या ढिगाला हात घालतो ते बघतात. शिपाईसुद्धा बघतो. त्यामुळे तो पुढे सरकेपर्यंत मला भर उन्हात पुढच्या त्या गोड, निरुपयोगी कैऱ्या एकेक हुंगत, वा वा करत उभं राहावं लागतं. आणि मावशी पदराआड हसत असते.