मोठ्यांची खिडकी

अठरा पूर्ण झाले की लोकांच्या घरी केक येतो. आमच्याकडेही आला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती तारीख कॅलेंडरवर दिसली की मी पान उलटून ठेवायचे. मुलगी मोठी झाली म्हणजे तिच्या दवाखान्यातल्या मॅडम सुटणार, हे मला ठाऊक होतं.

ती अशी नव्हती हो. हुडकेश्वरला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते. लहानपणी ती मशीनजवळ बसून इतकी बडबड करायची की बाया माप द्यायचं सोडून तिचंच ऐकत बसायच्या. अकरावीत कुठे काय झालं, देव जाणे. आधी क्लास बंद झाला, मग मैत्रिणी, मग बोलणंच. विचारलं की भिंतीकडे तोंड. किती महिने घरात तिचा आवाज नाही. नातेवाइकांनी काय काय सुचवलं नाही! एकीने तर सरळ लग्न लावून द्या म्हटलं. तिला मी चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एका हॉलच्या कोपऱ्यात, पडद्याआड, समुपदेशन करणाऱ्या मॅडम बसायच्या. लहान पोरगं असो की कॉलेजातला मुलगा, त्या सगळ्यांना बघायच्या. वय कोणी विचारत नव्हतं. माझ्या मुलीला तर त्यांनी काहीच विचारलं नाही. मला रागच आला. आम्ही बस बदलून एवढ्या दुरून यायचं आणि ह्या आपल्या रंगीत दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायच्या! दर खेपेला तेच. मुलगी नुसती बघत राहायची. एके दिवशी त्यांनी गुंत्यात बोट घालून मधलाच दोरा ओढला, आणि माझ्या मुलीच्या तोंडून निघालं, "मॅडम, मधातून नका ओढू. तुटते."

मी पडद्याबाहेर बाकावर होते. तोंडात पदर कोंबून रडले. माझे वडील उमरेडला मागावर विणायचे, त्यांच्या तोंडी हे वाक्य सारखं असायचं. ते माझ्या तोंडी आलं, आणि माझ्याकडून हिने कधी उचललं, मला कळलंही नव्हतं.

त्यानंतर ती बोलायला लागली, पण तिथेच, त्यांच्यापाशीच. घरी फार नाही. जेवायला हाक मारली की खोलीतून "येऊन राहिली" एवढं यायचं. मला तेवढंही खूप होतं. मॅडम एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "क्लासमध्ये काहीतरी झालंय. ती सांगण्याच्या जवळ येतेय. घाई करू नका, मला थोडा वेळ द्या."

आणि मग सुधारणा आली. मुलांसाठी वेगळा विभाग झाला. भिंतीवर जिराफ, छोट्या छोट्या खुर्च्या, खेळणी. फीत कापली, भाषणं झाली. आम्ही आईबापांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवल्या. मॅडमना पडदा जाऊन स्वतःची खोली मिळाली होती. त्या खोलीबाहेर पाटी होती, अठरा वर्षांखालील मुलांसाठी. टाळ्यांच्या नादात माझं लक्षच गेलं नाही.

मुलीचं गेलं. परत येताना बसमध्ये म्हणाली, "आई, मी मोठी झाली की मॅडम मले नाही पाहणार का?"

"काहून नाही पाहणार वं? मी आहे नं," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

नाव नोंदवायच्या खिडकीवर जाऊन विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, त्यानंतरचं नाव कम्प्युटरच घेऊन नाही राहिला. अठरा झाले की मोठ्यांच्या खिडकीवर." मी म्हटलं, "भाऊ, ती मोठी नाही होत, नुसती तिची तारीख येते." तो कसनुसा हसला. वाईट नव्हता बिचारा. त्याने मला साहेबांकडे पाठवलं. साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं, पण एकाला सूट दिली तर रांग लागेल." अरे बाबा, रांग लागेल म्हणजे तेवढ्या पोरांना गरज आहे नं! पण हे सगळं मनात. तोंडाने मी "बरं साहेब" म्हणाले आणि निघून आले. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मॅडमकडे गेले तर त्यांचेच डोळे भरून आले. त्यांची स्वतःची नोकरी करारावरची, त्या तरी कोणाशी भांडतील? खासगीत दाखवा म्हणणारे पुष्कळ भेटले. दाखवलं एकदा. तिथून ती अर्ध्यातून उठून बाहेर आली.

वाढदिवसाला तिचे बाबा खापरखेड्याहून पावर हाऊसची ड्युटी संपवून केक घेऊनच आले. "पोरगी मोठी झाली, तोंड तं गोड करा!" हौस हो त्यांची. तिने केक कापला, सुरी खाली ठेवली आणि खोलीत गेली.

मग मोठ्यांची खिडकी. लांबच लांब हॉल, कोणी ओरडतंय, कोणी जमिनीवरच झोपलंय. डॉक्टर तरुण होते, थकलेले. "काय त्रास आहे?" मी सांगायला तोंड उघडलं, तर अगदी अदबीने म्हणाले, "आई, तुम्ही बाहेर थांबा. ती आता सज्ञान आहे. तिचं तिलाच बोलू द्या."

नियम चांगलाच असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या लेकीच्या तोंडून शब्द निघत नाही, तिला मी बोलण्यासाठी त्या खोलीत एकटी सोडून आले. दाराला कान लावला. आतून फक्त पंख्याची घरघर. थोड्या वेळाने बोलावलं. "काहीच सांगत नाही ती, सहकार्य करत नाही." गोळी लिहून दिली, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात डॉक्टरच दुसरे. पुन्हा पहिल्यापासून, काय त्रास आहे?

निघताना मुलांच्या विभागावरून जावं लागतं. दार उघडं होतं. मॅडम छोट्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला पाहून हात वर केला. मुलगी खाली बघत पुढे निघून गेली.

आता हाक मारली की "येऊन राहिली"ही येत नाही. तिचे बाबा म्हणतात, पुढच्या खेपेला बोलंल, धीर धर. कुठून आणू धीर? बाजारात मिळतो का?

परवा दुपारी ती बऱ्याच दिवसांनी पुढच्या खोलीत येऊन बसली. मी रिळांचे दोरे काढून मुद्दाम एकमेकांत गुंतवले आणि तिच्या समोर बसले. "पाह्य वं, कसा गुंता झाला," म्हटलं. ती बघत होती. मी गुंत्यात बोट घातलं आणि दोरा मधातून ओढला. तुटला. तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसरा ओढला. मग आणखी एक. सगळे दोरे तुटून माझ्या मांडीवर पडले, तरी ती काही बोलली नाही.