पाच तोंडं एका दिशेला

भामाबाईंबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता. पण त्या दिवशी बांधावर मीच होतो.

करंजाडे गावात म्हशी राखणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत. नवरा गेला, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांच्या नऊ म्हशी रोज खाडीकाठी चरायला जातात. बाई साठीच्या पुढच्या, अंगानं बारीक. हातात काठी असते, पण ती म्हशीच्या पाठीवर पडलेली मी कधी पाहिली नाही. निवृत्त झाल्यापासून मी सकाळी बांधावरून फिरतो. चार वर्षांत आमचं बोलणं "कसं काय दादा?" आणि "ठीक" यापुढे गेलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. अमावस्येचा दुसरा दिवस, म्हणजे भरती मोठी. सकाळी ओहोटीला म्हशी उतारावरून, पाण्यात पाय टेकतो अशा जागेवरून, पलीकडच्या उंचवट्यावर गेल्या होत्या. रोज पाणी चढायच्या आत त्या परत निघतात. त्या दिवशी अकरा वाजले, मधली धार भरली, तरी नऊच्या नऊ तिथंच होत्या आणि त्यांच्या पायाखालची जमीन आक्रसत चालली होती.

म्हैस पोहते हे मलाही माहीत आहे. पण भरतीच्या ओढीनं ती खारफुटीत शिरली की चिखलात रुतते. आदल्या वर्षी शेजारच्या गावातल्या दोन तशाच गेल्या होत्या. भामाबाईंकडे या नऊ सोडून दुसरं काही नव्हतं.

त्या बांधावर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात त्यांचा भाचा कल्पेश धावत आला. तिशीचा, कंटेनर यार्डात कामाला, त्या दिवशी सुट्टीवर.

"आत्या, हाक मार ना! तुझ्या हाकेवर येतात त्या."

"नाय येत."

"रोज येतात की!"

"त्यांचं ठरतं, मंग मी हाक मारते. तुला वाटतं हाकेवर आल्या."

"म्हणजे म्हशींची मीटिंग चाललीय? चहा पाठवू का?"

भामाबाई डोळे बारीक करून म्हशींकडे बघत होत्या. मग, माझ्याकडे न पाहताच, हळू आवाजात म्हणाल्या, "तोंडं बघा दादा. एकीनं तोंड फिरवलं त्याला अर्थ नाय. पाच जणींची तोंडं एका दिशेला झाली, की कळप हालतो. फुडं कोन चालते त्याच्यावर नसतं."

मी मोजलं. दोघी उताराकडे बघत होत्या. मोरी नावाची गाभण म्हैस आणि आणखी एक बघत होत्या वरच्या अंगाला, जिथं बांधात उघाडी आहे, खारं पाणी अडवायचं दार. बाकीच्या कुठेच बघत नव्हत्या.

मला एक गोष्ट माहीत होती. म्हशी पलीकडे गेल्यावर एक पोकलेन उताराशी आला होता आणि त्यानं तळ उकरून चर काढला होता. मी ते पाहिलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सांगितलं.

"उतार खणलाय. सकाळी."

"काका, पोकलेन तिकडं वर चालू होता," कल्पेश म्हणाला. "तुम्हाला लांबून काय दिसणार?"

खरंच, लांबूनच पाहिलं होतं. मी गप्प बसलो. आजही त्याचं वाईट वाटतं.

कल्पेशनं ढेकळं उचलली आणि म्हशींच्या पलीकडे भिरकावायला लागला, त्या घाबरून उताराकडे याव्यात म्हणून. "नको रे!" भामाबाई ओरडल्या. तोवर चौथं ढेकूळ पडलं होतं. तीन वर्षांची पारडी उसळली आणि सरळ उतारात उतरली. दुसऱ्याच पावलाला खांद्यापर्यंत खाली गेली. पुढचे पाय चराच्या गाळात रुतले होते. तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

बाकीच्या आठ जणी बिथरल्या, गोल फिरल्या, आठ दिशांना आठ तोंडं झाली. जेवढं ठरत आलं होतं, तेही मोडलं.

कल्पेश पाण्यात शिरायला निघाला. भामाबाईंनी त्याचा शर्ट धरला. "तू रुतलास तर मी कुनाला काढू? उभा राहा. हात खाली घे. दादा, तुमी पन हालू नका."

आम्ही तिघं उभे राहिलो. पाणी म्हशींच्या गुडघ्यांना लागलं. पारडीचं आता नुसतं डोकं वर होतं. मोरीनं पुन्हा उघाडीकडे तोंड केलं. मग एक म्हातारी म्हैस वळली. मग तिसरी. चौथी वळली आणि परत फिरली. भामाबाईंचे ओठ हलत होते. पाणी पोटाला लागलं. चौथी पुन्हा वळली, तिच्यापाठोपाठ पाचवी.

"हाऽऽ यं!" भामाबाईंनी तेव्हा हाक मारली.

आठही जणी एकदम पाण्यात पडल्या. ओढीनं त्या तिरक्या गेल्या, पण उघाडीपाशी खाली दगडी फरसबंदी होती. कुणाच्याही ध्यानात नसलेली ती जागा. तिथं एकेकीचे पाय टेकले. मोरी तिसरी वर आली.

आम्ही पारडीकडे वळलो. डोकं दिसत नव्हतं. मग पाण्यावर नाकपुड्या आल्या, शिंगं आली. ज्या पाण्याला आम्ही भीत होतो, त्यानंच तिला गाळातून वर उचललं होतं. ती कळपाच्या दिशेनं पोहू लागली.

ती काठावर आल्यावर भामाबाईंनी तिचे पुढचे पाय दाबून बघितले. मग कल्पेशला म्हणाल्या, "दादांनी सांगितलं व्हतं ना?" आणि मला, "तुमी जोरात बोलायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यावरून गेलो. फाटक उघडं होतं. म्हशी बाहेर येऊन उभ्या होत्या, पण खाडीच्या वाटेला एकीचंही तोंड नव्हतं. सगळ्या डोंगराच्या अंगाला बघत होत्या, जिथं गवत कमी आणि चाल दुप्पट.

भामाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग काठी खांद्यावर टाकली आणि त्यांच्या मागून निघाल्या.