जिवंतपणी काढलेला तेरवीचा फोटो

थोरला भाऊ गेला तेव्हा तेरवीला मांडायला त्याचा एक धड फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. इवलासा फोटो ताणल्यावर काय उरणार? डोळ्यांच्या जागी दोन डाग, आणि मिशी कुठं संपते तेच कळेना. जन्मभर माझ्याहून देखणा म्हणून मिरवला आणि भिंतीवर असा लटकला. मी ठरवलं, आपला फोटो आपणच आधी काढून ठेवायचा.

मेहकरच्या स्टुडिओत गेलो. डिजिटल कॅमेरा मोठा, उजेडही बरा. पण स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर मला गोरं केलं, सुरकुत्या पुसल्या, गालावरचा तीळही उडवला. मी म्हटलं, "हा कोन आहे बे? याच्या तेरवीचं जेवन माह्या घरच्यायनं काऊन द्यायचं?" फोटो तिथंच टाकून आलो.

घरी माझा रोलचा जुना कॅमेरा होता. नवा रोल मागवून भरला, भिंग मऊ फडक्यानं पुसलं. उन्हात डोळे बारीक होतात, नाकाची सावली मिशीवर पडते. म्हणून ओसरीच्या सावलीत खुर्ची मांडली, तोंड अंगणातल्या उजेडाकडं. कॅमेरा हलू नये म्हणून ज्वारीच्या पोत्यावर टेकवला. बटण दाबायला बायको. कॅमेऱ्यातून बघताना माझा चेहरा मधोमध दुभंगलेला दिसेल, भिंगाची कडी फिरवून तो जुळव, म्हणजे फोटो स्पष्ट येतो, एवढंच तिला शिकवलं. जित्या माणसाचा असला फोटो काढणं तिला अशुभ वाटत होतं, त्यामुळे ती तणतणतच बटण दाबत होती.

मी छाती काढून, श्वास रोखून बसलेलो. पोत्यामागून ती म्हणाली, "आतापासूनच मेल्यावानी काऊन बसले?" मला हसू फुटलं आणि तिनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

रोल धुऊन आला. बाकी सगळ्या फोटोंत मी धूसर आणि मागच्या खुंटीवरची छत्री लख्ख. हसताना तेवढा मी स्पष्ट. तीळ, सुरकुत्या, पडलेल्या दाताची खिडकी, सगळं आलं होतं. हार घालायच्या फोटोत कोणी दात काढतं का, म्हणून बायको चिडली. मी तोच फ्रेम करून बैठकीत थोरल्याच्या शेजारी टांगला.

परवा बीबी गावचे आमचे व्याही आले. फोटोसमोर त्यांनी टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. मी मागून विचारलं, "चहा घेता का, व्याही?"

त्यांनी चप्पल न घालताच अंगण गाठलं. बायको अजून माझ्याशी बोलत नाही. पण व्याह्यांनी मला एका नजरेत ओळखलं, हे तिलाही नाकारता येत नाही.