भाऊराव दर वर्षी पास व्हायचा

माझा धाकटा भाऊ भाऊराव दर वर्षी मेडिकलला, म्हणजे तब्येतीच्या तपासणीला, पास व्हायचा. मेडिकलला पास काय अन् नापास काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात हीच भाषा होती. वडील फौजेत, महूच्या छावणीत. वर्षातून एकदा त्यांचं मेडिकल असायचं आणि ते जवळ आलं की घरातलं वारंच बदलायचं. बाबा पहाटे पळायला जायचे, भात बंद, गोड बंद, रम बंद. मग एका दुपारी दारातूनच ओरडायचे, "फिट!" हातात जलेबीचा पुडा. आईनं त्यांना ओवाळायचंच काय ते बाकी असायचं. आम्ही पोरं एवढंच शिकलो की डॉक्टर म्हणजे परीक्षक, त्याला आपलं चांगलं तेवढंच दाखवायचं.

भाऊराव मोठा झाला, महूजवळच्या शहरात पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागला. हात असा की साहेब लोक अवघड जॉब, म्हणजे मापात कातायचे लोखंडी तुकडे, त्याच्याकडेच पाठवायचे. तिथेही वर्षातून एकदा तपासणी व्हायची. तारीख लागली की याचा बंदोबस्त सुरू! सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी लालबागपर्यंत पायी जाणं-येणं, पोहे-जलेबी बंद, रात्री नुसती मुगाची खिचडी. त्याची बायको शालिनी माझ्याकडे राजेंद्र नगरला आली की हसायची, "ताई, यांची परीक्षा आली हो." रिपोर्ट मिळाला की मला फोन, "ताई, पास!" आणि त्याच संध्याकाळी जलेबी.

एका वर्षी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर बॉर्डरवर आहे, पुन्हा नीट तपासून घ्या. दुसरा कुणी घाबरला असता. हा म्हणतो, "बॉर्डर म्हणजे काठावर पास. पास तो पास!" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "अरे मेल्या, आठ दिवस कारलं पिऊन तू काठावर आलास, तर एरवी कुठे असशील?" तर मला म्हणे, "ताई, दिमाग का दही मत कर." बहिणीचं कोण ऐकतं!

सुईला मात्र हा कधी भ्याला नाही. आमच्या विहारात कोविडच्या लशीचं शिबिर लागलं तेव्हा रांगेत पहिला हाच, बाही वर करून उभा. लोक कुजबुजत होते, ताप येतो, हात सुजतो. त्यांना म्हणाला, "अरे भिया, टेन्शन काय घेता, घेऊन टाका ना!" पुढे फ्लूची लसही घेतली, शालिनीलाही न्यायला विसरला नाही. मी चक्रावून जायची. इतका शहाणा माणूस, मग तपासणीलाच असा का वागतो? आता कळतं. लस घेताना कुणी नापास होत नाही.

मग त्याच्या हातून जॉब बिघडायला लागले. आयुष्यात ज्याचा तुकडा परत आला नव्हता, त्याचे तुकडे परत यायला लागले. मापाची बारीक रेघ त्याला हललेली दिसायची. आधी ट्यूबलाइटला शिव्या दिल्या, मग चष्मा बदलला, मग चष्मेवाल्याला शिव्या दिल्या. शालिनी म्हणाली, एकदा साखर बघा ना. तर म्हणे, "आत्ताच तर पास झालोय!"

एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं आलं. दुपारपर्यंत त्या डोळ्यानं खिडकीचा उजेड तेवढा कळत होता, बाकी काही नाही. शालिनीचा फोन आला. तशीच उठून गेले.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत. दोन्ही डोळे तपासून म्हणाल्या, आत पडद्यावर रक्तस्राव झालाय. मधुमेह किती वर्षांपासून आहे?

"मला शुगर नाही मॅडम," भाऊराव म्हणाला. "दर वर्षी टेस्ट होते. पास होतो."

बाईंनी काही वाद घातला नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर त्याच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "काका, हे आजकालचं नाही. बरीच वर्षं अंगात आहे."

भाऊरावनं विचारलं, "मॅडम, हे आठ दिवसांत कमी करून परत टेस्ट केली तर?"

बाईंना कळेचना हा काय विचारतोय. मला कळलं. मी तिथेच डोळ्याला पदर लावला. साठीला आलेला माणूस, एक डोळा जाऊ घातलेला, आणि अजून पास व्हायचं बघत होता.

बाईंनी घरचं विचारलं. मी सांगितलं, रिटायर झाल्यावर बाबांच्या पायाची जखम भरली नाही, त्यातच गेले. त्यांनाही साखर होती हे आम्हाला शेवटी कळलं. भाऊरावला एक मुलगा आहे, तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, आजोबांना होती, वडिलांना आहे, म्हणजे मुलाला धोका जास्त. त्याला आत्ताच तपासून घ्या, काही त्रास नसला तरी. त्रास व्हायची वाट बघायचीच नसते यात.

पुढे लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. कारलं नाही, नाटक नाही. रोजची गोळी, रोजचं मोजकं जेवण, सगळं केलं त्यानं. पण उशीर झाला होता. डावा डोळा गेला. उजव्या डोळ्याच्या कडेनं दिसतं, मधोमध मात्र कायमचा डाग. समोरच्याकडे सरळ पाहिलं की त्याचा चेहराच जातो, कान आणि केस राहतात. नोकरी तर सुटलीच. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही फार आला. कुणावर काढायचा?

त्याचा मुलगा बुद्धरत्न बत्तीस वर्षांचा, विजयनगरला कंपनीत बसून काम करतो. पोट सुटलेलं. मी किती वेळा म्हटलं, तपासून ये. दर वेळी, "हो आत्या, जातो ना." त्याला मुलगी झाली, धम्मदीना. परवाच्या रविवारी मी गेले तेव्हा ती सहा महिन्यांची झालेली. मी पुन्हा विषय काढला, तर बुद्धरत्न म्हणाला, "आत्या, अभी नको. महिनाभर जिम लावतो, गोड बंद करतो, थोडं वजन उतरलं की टेस्ट करतो. रिपोर्ट चांगला आला पाहिजे ना!"

मी तोंड उघडणार होते, चांगलं झाडणार होते त्याला. पण भाऊराव पलंगावरून म्हणाला, "पोरीला माझ्याकडे दे."

त्यानं दीनाला मांडीवर घेतलं. तिच्याकडे सरळ पाहिलं, मग तोंड भिंतीकडे वळवलं, डोळ्याच्या कडेनं पाहायचा प्रयत्न केला. पोरगी तोंडाचं बोळकं उघडून हसत होती, अजिबात आवाज न करता.

"ही हसतेय का रडतेय रे?" त्यानं विचारलं.

शालिनी उठून स्वयंपाकघरात गेली. बुद्धरत्न म्हणाला, "हसतेय, बाबा. तुमच्याकडे बघून हसतेय."

"मला दिसत नाही," भाऊराव म्हणाला. "मी कधी बघितलंच नाही तिला हसताना. तू उद्या जा. असाच जा, पोटबिट घेऊन. काही सोडू नको, काही पिऊ नको."

बुद्धरत्न दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी रक्त देऊन आला, परतताना डॉक्टरीणबाईंना डोळेही दाखवून आला. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. मी तिथेच राहिले होते. त्यानं तो दोनदा वाचला, डॉक्टरांना फोन करून विचारलं, मग बापाच्या शेजारी जाऊन बसला.

"बाबा, मला पण आहे," तो म्हणाला. "सुरुवात आहे म्हणतात. डोळे बघितले, डोळे अजून ठीक आहेत."

भाऊरावनं चाचपडत त्याचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बरं झालं, बाळा," तो म्हणाला. "वेळेवर नापास झालास."