नणंदेच्या मुठीतला दोर

ओमानच्या वाळवंटातली ती घळ मी पहिल्यांदा पाहिली ती फोटोत. नणंदेनं फोन माझ्या नाकासमोर धरला होता. दोन्ही बाजूंना तांबूस दगडाचे उभे कडे, मधे पांढरे गोटे पसरलेली कोरडी नदी, आणि सावलीला म्हणून एक झुडूपही नाही. दगडात ओळीनं पोलादी कड्या ठोकलेल्या आहेत, त्यांत दोर अडकवत वर चढायचं, असं खाली लिहिलं होतं. सगळ्यात जवळचं गाव गाडीनं अर्ध्या दिवसावर. फोनला रेंज नाही. "काय मस्त हाय न?" नणंद म्हणाली. मी चहाचं आधण ठेवायला उठले, म्हणजे पुढचे फोटो पाहावे लागणार नाहीत.

मी भित्री आहे. शाळेत खेळ शिकवते, कॉलेजात असताना नागपूरला कडे चढायला शिकले, पंधरा-वीस वर्षं चढते आहे, आणि तरीही पाय जमिनीवरून सुटले की माझ्या तोंडाला कोरड पडते. नवरा म्हणतो, एवढी भीती वाटते तर जातेस कशाला. त्याला वीज केंद्रातल्या बॉयलरची धग कळते, हे कळत नाही. मलाही नीट सांगता येत नाही. वर गेल्यावर जी थोडी मोकळी हवा लागते, तिची सवय झाली आहे, एवढंच.

नणंद नेमकी उलटी. मोहर्लीच्या व्याघ्रप्रकल्पात ती गाइड आहे. उघड्या जिप्सीत बसून रोज सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांना वाघ दाखवते, आणि घरी आली की त्या वाघाबद्दल असं बोलते, जणू शेजारचा कोणी उनाड पोरगा. वयानं माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते. मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं. माझ्या शाळेच्या सुट्ट्यांत त्या दिवशी ती ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरवर येते, आणि आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर गडचांदूरच्या बाजूला एका बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत जातो. तिथल्या एका भिंतीत नागपूरच्या मंडळींनी कधीतरी कड्या ठोकून ठेवल्या आहेत. मी चढते, ती खाली दोर धरते. तिच्या कमरेच्या पट्ट्याला एक चाप असतो, दोर त्यातून जातो, आणि तिनं मूठ आवळली की थांबतो. चढणाऱ्याचा जीव त्या मुठीत असतो. तिला शिकवताना मी एकच गोष्ट डोक्यात बसवली होती, आभाळ कोसळलं तरी दोर सोडायचा नाही. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटलं नसतं तर मी केव्हाच खाली आले असते.

ओमानचं वेड तिचं होतं. मी टाळाटाळ करत होते. पण एका संध्याकाळी गच्चीत पापड उचलता उचलता ती म्हणाली, "वहिनी, मी रोज लोकायले काई न् काई दाखवतो. मले कोणी काई नाई दाखवलं." हे तिनं कुरकुरत म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ती साधं सांगत होती. विदर्भाच्या बाहेर ती कधी गेली नव्हती. मी हो म्हटलं, आणि त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

मग बेत सुरू झाले. सुट्टी तिला पावसाळ्यातच मिळायची, जंगलाची मुख्य गेटं तेव्हा बंद असतात. म्हणजे जुलै. सिरोंच्याकडचा नवऱ्याचा एक मित्र मस्कतला ट्रेलर चालवतो. तो आम्हाला घळीच्या तोंडाशी सोडणार आणि चार दिवसांनी न्यायला येणार होता. महिना त्यानं फोनवर दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला की जुलैत तिथले लोकसुद्धा दिवसा बाहेर निघत नाहीत, थंडीत या. नणंद खो खो हसली. भाऊ, आम्ही चांद्याचे आहोत, ऊन आम्हाले काय सांगता, म्हणाली. मीही हसले, आणि हसताना आतून मला बरंही वाटलं, कारण एवढ्या सगळ्या भीतींमध्ये ही एक भीती तरी आपली नाही असं वाटलं. चांद्याचा माणूस उन्हाला भीत नाही, असं आमच्या या जिल्ह्यात आम्ही सगळेच म्हणतो. खरं म्हणजे तो कूलरसमोर बसून भीत नाही. मे महिन्यात बारानंतर आमच्याकडे कोणी दार उघडत नाही, आणि उघडलंच तर कांदा खिशात आणि दुपट्टा डोक्याला असतो. पण ही गोष्ट अभिमानाच्या वेळी कोणाला आठवते?

मला आठवत होत्या बाकीच्या भीती. पाय मुरगळला तर? दोर धारेवर घासला तर? ट्रेलरवाला आलाच नाही तर? मी एकेक विचारायची, ती एकेकीला उडवून लावायची. तिथी वाघ थोडीच हाय, हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी मी म्हटलं, जायच्या आधी इथंच एक दिवस तिथल्यासारखा काढून पाहू. तिथल्या भिंतीवर दुपारपर्यंत सावली असते असं वाचलं होतं, आमच्या खाणीतही तसंच. पाणी तिथं जेवढं वाट्याला येईल तेवढंच न्यायचं, आणि संध्याकाळसाठीची बाटली फोडायची नाही. तिला हे फार आवडलं. मे महिन्यातला शेवटचा मंगळवार ठरला.

सकाळ छान गेली. दोन वाटा मी चढले, एक ती चढली. पोळी-ठेचा खाल्ला. अकराच्या सुमाराला सावली भिंतीच्या पायथ्याशी आली, तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, एक अजून, तिथी का घरी पळून येशीन? तिचा चेहरा लाल होता, पण माझाही असणार. मी सगळ्यात लांब वाट धरली, तीन मजली घराएवढी. वर पोचेपर्यंत दगड हाताला चटके देऊ लागला होता. वरच्या दोन कड्यांना मी छोट्या दोरीनं स्वतःला अडकवलं, श्वास घेतला, आणि खाली ओरडले, ढील दे.

ढील आली नाही. मी पुन्हा ओरडले. खाली ती उन्हात उभी होती, दोन्ही हात दोरावर, मान वर. मग तिचा आवाज आला, दबका, पण खाणीत घुमून अगदी स्पष्ट.

"उभे नका राहू. बसून घ्या. उजव्या बाजूले पाहा, हळूच."

हा तिचा जिप्सीतला आवाज होता. जनावर दिसलं की ती असंच बोलते. या खाणींच्या झुडपांत वाघ येऊन बसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी मान न हलवता उजवीकडे पाहिलं. मातीचा ढीग, वाळलेली तरवडाची झुडपं, गंजलेला पत्रा. मी प्रत्येक झुडूप बारकाईनं पाहिलं. कुठंच काही नव्हतं. तिच्यामागे नव्हतं, माझ्या डोक्यावरच्या कडेलाही नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे पाहत नाहीये. ती गाडीत आहे. तिच्यासमोर पाहुणे बसलेत.

वाघ असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. वाघाचं तिला कळतं.

"ताई, तुले ऊन लागलं," मी ओरडले. "दोर सोड. झाडाखाली जा. पाणी पी."

तिनं ऐकलं. ओळखलंही मला. "नाई," ती म्हणाली. "सोडला तर तू पडशीन, वहिनी."

मी वर पक्की बांधलेली होते. तिनं दोर सोडून दिला असता तर मला काही होणार नव्हतं, उलट दोर सैल झाला तरच मला तो कडीतून ओवून खाली उतरता येणार होतं. बाभळीची सावली तिच्यापासून चार पावलांवर होती, बाटली तिथंच होती. आणि ती चार पावलं ती टाकत नव्हती, कारण मी तिला शिकवलं होतं. मी समजावलं. मग शाळेच्या मैदानावरच्या आवाजात हुकूम सोडला. मग रडले. ती झुलत होती, एकदा गुडघ्यावर आली आणि तशीच पुन्हा उठली, पण मूठ आवळलेलीच. दोर माझ्या कमरेपाशी ताठ होता. त्या दोरातून मला तिचं थरथरणं लागत होतं. ती मरेल, आणि मला धरून मरेल, हे मला लख्ख दिसत होतं, आणि मी तीन मजले वर नुसती टांगलेली.

मग माझ्या तोंडून ते कसं निघालं, देव जाणे. जंगलात गाइड वाघाला भीत नाही, पण संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळेला भितो. गाडीला उशीर झाला की त्याचं काम थांबवतात. समोर वाघ बसलेला असला तरी ती वेळ झाली की गाडी वळवायचीच.

मी आवाज खाली आणला. तिच्यासारखाच. "ताई, गेट बंद होऊन राह्यलं. गाडी फिरवा लागते."

तिनं मान वळवली. इकडेतिकडे पाहिलं, सूर्य कुठं आहे ते पाहतात तसं. आणि मूठ उघडली.

दोर हलका झाला. मी बांधलेली आहे हे ठाऊक असूनही माझ्या तोंडून किंकाळी निघाली. ती बाभळीकडे चालत गेली आणि तिथं आडवी झाली. मी दोर ओवला, आणि कशी उतरले ते मला आजही सांगता येत नाही. तळहातांची सालटी निघाली होती, ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

तिचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा थेंब नाही. संध्याकाळसाठी राखलेली बाटली मी तिच्या डोक्यावर ओतली. दुपट्टा भिजवून अंगावर टाकला. मग रस्त्यावर धावत जाऊन सिमेंटचा एक ट्रक अडवला. ट्रकवाल्या भाऊंनी एक शब्द विचारला नाही. तिला उचलून आत ठेवलं आणि आपली पाण्याची अख्खी कॅन तिच्यावर रिकामी केली. दवाखान्यात तिला बर्फात ठेवलं. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. काय सांगता आलं नसतं, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही.

आठवडाभरानं ती आमच्याकडे होती, कूलरसमोर गादीवर, ताकाचा पेला हातात. वाळून गेली होती, पण डोळे तिचेच. खाणीतलं तिला काही आठवत नव्हतं. मी भाजी निवडत होते. तिनं एकदम विचारलं, "वहिनी, दोर मी सोडला का?"

एका शब्दात सगळं संपवता आलं असतं. सोडलास, एवढंच म्हटलं असतं तर तिनं पुन्हा दोराला हात लावला नसता, आणि ओमानचं नावही निघालं नसतं. माझ्या भीतीला तेच हवं होतं. पण मला ते म्हणवलं नाही. मी सगळं सांगितलं, पाहुणे, उजवी बाजू, गेट, सगळं. गेटवर तिला हसू आलं. मग तिनं ताकाचा पेला खाली ठेवला.

"आन् खाली तू असती तर?" ती म्हणाली. "तुले ऊन लागलं असतं, आन् मी वर अटकली असती. तुले मी काय सांगून दोर सोडाले लावलं असतं?"

शाळेची घंटा झाली म्हणायचं, मी म्हटलं. म्हणताना माझं मलाच पटलं नाही.

तिनं मान हलवली. "नाई वहिनी. तू घंटा ऐकली असती, आन् अजून घट्ट धरला असता. तुले भेव वाटला का तू काईच सोडत नाई. तू उन्हात मरशीन, पण सोडशीन नाई. मले वरून पाहत राहा लागलं असतं."

मी मेथीच्या काड्यांकडे पाहत राहिले. ते खरं होतं. मी मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी इतक्या वर्षांत तिथं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मला खाणीतल्यापेक्षा जास्त धास्ती वाटली.

तिनं फोन उचलून मस्कतला लावला. आम्ही येत नाही, म्हणाली. पलीकडून त्यानं हसत काहीतरी विचारलं असावं, चांद्याच्या लोकांना भीती वाटली का, असं काही.

"व्हय भाऊ," ती म्हणाली, "वाटली."